समुद्राखालचे वाइड अँगल फोटो आणि लाइट: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नागपूरहून कुठल्याही समुद्रावर जायचं म्हणजे निदान एक रात्र प्रवासात जाते. तरी माझ्या ओळखीतलेच कितीतरी जण मालवणला, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला, अंदमानला डाइव्हिंग करून येतात, आणि आल्यावर फोन करतात. डोळ्यांनी एवढं सुंदर दिसलं, मग फोटोत ते का उतरलं नाही, हा सगळ्यांचा प्रश्न. बोलता बोलता गाडी लाइटवर येते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. हे सगळं वाइड अँगलपुरतं आहे, म्हणजे पोवळ्यांची भिंत, बुडालेलं जहाज, माशांचा थवा, सोबतचा डायव्हर असे मोठे विषय. बारीक जिवांच्या मॅक्रो फोटोंचं लाइटिंग निराळं, त्यात मी इथे शिरत नाही.

ताई, दिवसाढवळ्या पाण्यात सूर्यप्रकाश असतोच ना? मग वेगळा लाइट कशाला?

उजेड असतो, पण त्यातले रंग गेलेले असतात. पाणी लाल रंग सगळ्यात आधी पिऊन टाकतं. अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा लाल प्रकाश दर मीटरला जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे दर दोन मीटरला निम्मा, असं लक्षात ठेवा. दहा मीटरवर पोचेपर्यंत पाच वेळा निम्मा होतो आणि बत्तिसावा भाग उरतो. मग नारिंगी जातो, मग पिवळा. निळा मात्र स्वच्छ पाण्यात दर मीटरला अगदी थोडाच कमी होतो, म्हणून खाली सगळं निळं दिसतं.

हे आकडे सांगून पटत नाही, म्हणून एका डिसेंबरमध्ये मी आंबिया बहाराची दोन संत्री अंदमानला घेऊन गेले. स्वराज द्वीपजवळ १८ मीटरवर जाळीच्या पिशवीतून एक संत्रं बाहेर काढलं. न सोललेलं संत्रं पाण्यावर तरंगतं, म्हणून पिशवीत शिशाचा तुकडा टाकावा लागला होता. हातभर अंतरावर धरलं तर ते संत्रं वाटेचना. मळकट, हिरवट-तपकिरी, एखाद्या जुन्या लिंबासारखं. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, चालू करून तिथेच फोटो घेतला आणि मागच्या स्क्रीनवर पाहिलं तर आपल्या कॉटन मार्केटच्या ढिगातलं संत्रं समोर. सालीवरचे बारीक खड्डे, देठाजवळची हिरवी कडा, सगळं. दोन्ही फोटो आजही शिकवताना शेजारी शेजारी ठेवते. (संत्रं पिशवीतून परत वर आणलं. समुद्रात काही टाकून यायचं नाही.)

एक खबरदारी. तुमचे फिन (पायात घालायचे पोहण्याचे पंख) किंवा हातमोजे फ्लुरोसंट नारिंगी असतील तर ते खोलवरही झगझगीत दिसतील. फ्लुरोसंट रंग निळा प्रकाश घेऊन स्वतःचा नारिंगी सोडतात. त्यांच्यावरून रंग शिल्लक आहे असा अंदाज बांधू नका.

मग लाइट नेला की लांबचं सगळं रंगीत होईल?

नाही होणार, आणि सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. लाइटचा प्रकाशही पाण्यातूनच जातो. विषय एक मीटरवर असेल तर प्रकाश एक मीटर जातो आणि एक मीटर परत येतो. दोन मीटर पाणी, म्हणजे लाल निम्मा उरला. विषय दोन मीटरवर असेल तर चार मीटर पाणी, लाल पाव उरला. शिवाय अंतर दुप्पट झालं की प्रकाश तसाही चौपटीने विरळ होतो. त्यामुळे कितीही मोठा स्ट्रोब घ्या, रंगाचा खरा पल्ला एक ते दीड मीटर. त्यापुढे विषय उजळेल, पण रंग परतणार नाहीत.

म्हणून तर वाइड अँगल लेन्स. समुद्राखाली ही लेन्स जास्त देखावा मावावा म्हणून कमी आणि मोठ्या विषयाच्या जवळ जाता यावं म्हणून जास्त वापरतात. चार हात रुंद समुद्रपंखा (पंख्यासारखं पसरलेलं पोवळं) पूर्ण फ्रेममध्ये ठेवून त्याच्या हातभर जवळ जाता आलं की मधलं पाणी कमी झालं. मधलं पाणी कमी करणं हे माझ्या लेखी पहिलं काम आहे, लाइटची निवड त्याच्यानंतर.

त्यासाठी लेन्सपुढे सपाट काच चालत नाही, अर्धगोल डोम पोर्ट लागतो. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते, आणि तेवढी तुमची वाइड लेन्स अरुंद होऊन जाते.

स्ट्रोब घेऊ की व्हिडिओ लाइट?

तुमचं मुख्य काम फोटो असेल तर स्ट्रोब. व्हिडिओ असेल तर अर्थातच सतत जळणारा लाइट. दोन्ही करायचं असेल तर आधी मनाशी ठरवा की घरी येऊन तुम्ही काय बघता.

स्ट्रोब आपली सगळी ताकद सेकंदाच्या अगदी छोट्याशा भागात ओततो. पाच हजार लुमेनचा व्हिडिओ लाइट स्विमिंग टँकमध्ये डोळे दिपवतो, पण १/१२५ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये त्याच्याकडून मिळणारा प्रकाश स्ट्रोबच्या मानाने फार थोडा. उथळ पाण्यात दुपारच्या उन्हाशी तो टक्करच देऊ शकत नाही. मग तुम्ही आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवता, शटर संथ करता आणि मासा हलल्यासारखा येतो. स्ट्रोबमध्ये तो क्षण गोठतो.

व्हिडिओ लाइटचा खरा फायदा म्हणजे प्रकाश कुठे पडतोय ते आधीच दिसतं. शिकताना याचं मोल फार आहे. जहाजाच्या आत, गुहेत, संध्याकाळी उशिरा, म्हणजे जिथे सूर्याशी स्पर्धा नाही तिथे तो उत्तम चालतो. सोबतच्या डायव्हरच्या हातात देऊन दाराच्या चौकटीमागून प्रकाश पाडला तर चित्राला जी खोली येते, ती कॅमेऱ्यावरच्या कुठल्याच लाइटने येत नाही.

ॲक्शन कॅमेरा किंवा पाण्याच्या केसमधला मोबाइल असेल तर हा प्रश्नच उरत नाही. त्यांच्याबरोबर हे स्ट्रोब जुळत नाहीत. तिथे व्हिडिओ लाइट किंवा फिल्टर.

पाण्याखाली लाइट नेण्याची ही खटपट जुनी आहे. फ्रान्समध्ये लुई बूतां यांनी १८९३च्या सुमारास मॅग्नेशियमचा फ्लॅश पाण्याखाली जाळून पाहिला होता. पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो १९२६चा, फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी लाँगली आणि मार्टिन यांनी काढलेला. त्यांनी मॅग्नेशियमची पावडर पाण्यावर तराफ्यावर ठेवून पेटवली होती. इतक्या प्रकाशाची गरज पडण्याचं एक कारण म्हणजे तो वरून सगळं पाणी कापून खाली जात होता. आपण लाइट खाली, विषयाजवळ नेतो, म्हणून मुठीएवढ्या स्ट्रोबवर भागतं.

एक स्ट्रोब पुरेल का?

सुरुवातीला पुरेल. पण मर्यादा समजून घ्या. फिशआय लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश बघते. स्ट्रोबचा झोत चांगला असला तरी शंभर-एकशेदहा अंशांच्या आसपास. एका बाजूने लावला तर दुसरी बाजू निळीकाळी जाते आणि पोवळ्यांच्या सावल्या कडक पडतात.

एकच असेल तर तो बाजूला लावण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या वर, थोडा मागे ठेवा. वरून येणारा उजेड डोळ्याला नैसर्गिक वाटतो. शक्यतो उभी फ्रेम घ्या, एक विषय घ्या, आणि उरलेल्या जागेत निळं पाणी येऊ द्या. माझे स्वतःचे आवडते काही फोटो एका स्ट्रोबचेच आहेत.

फोटोभर पांढरे ठिपके का येतात? जणू बर्फ पडतोय.

याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. म्हणून जरा सविस्तर.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वर्धा रोडने गाडी काढली असेल आणि धुकं असेल तर हायबीम लावून बघितला असेल. समोर पांढरी भिंत उभी राहते. रस्ता दिसायच्या ऐवजी धुकंच उजळतं. पाण्यातही वाळूचे कण, प्लवक, पोवळ्यांवरचा चिकट गाळ तरंगत असतो. लेन्स आणि विषय यांच्या मधल्या पाण्यावर तुमचा लाइट पडला की तो प्रत्येक कण चमकून थेट लेन्सकडे परत येतो. गाडीचे फॉगलॅम्प खाली, डोळ्यांच्या रेषेपासून दूर बसवलेले असतात त्याचं कारणही हेच.

माझा मालवणचा पहिला दौरा यात वाया गेला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, सहा-सात मीटर खोली, समोर चार-पाच मीटरच्या पलीकडे काही दिसत नव्हतं. मी दोन्ही स्ट्रोब डोमच्या शेजारी घेतले आणि विषयाकडे आतल्या बाजूला वळवले, कारण जमिनीवर स्टुडिओत तसंच करायची सवय. दोन डाइव्हमधले जवळजवळ सगळे फोटो ठिपक्यांनी भरले. रात्री खोलीत लॅपटॉपवर एकेक ठिपका पुसत बसले होते, एका फोटोला तास लागला आणि शेवटी पोवळ्याचा पोतही पुसला गेला. तेव्हापासून ठिपके पाण्यातच टाळायचे, संगणकावर सोडवायचे नाहीत, असं ठरवलं.

पाण्यात टाळायचे कसे? झोताच्या मध्याने नव्हे, कडेने विषय उजळायचा. दोन्ही आर्म, म्हणजे स्ट्रोब धरणारे दांडे, बाजूला लांब करा. स्ट्रोबचं तोंड डोमच्या काचेच्या पुढे कधीच नको, हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या) मुठींच्या रेषेत किंवा त्यामागे हवं. तोंड सरळ पुढे, किंवा किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेलं. आता दोन्ही झोत शंकूसारखे पुढे पसरतात आणि त्यांच्या आतल्या कडा विषयापाशी येऊन भेटतात. लेन्ससमोरचं जवळचं पाणी अंधारात राहतं. विषय जितका लांब, तितके स्ट्रोब बाहेर. ढोबळ अंदाज म्हणून, विषय हातभर लांब असेल तर प्रत्येक स्ट्रोबही कॅमेऱ्यापासून जवळजवळ हातभर बाहेर.

पहिल्यांदा करताना वाटतं, लाइट तर बाहेरच चाललाय, विषयावर काय पडणार? पडतो. एकदा घेऊन बघा.

अपवाद एकच. एखाद्या पोवळ्याच्या अगदी वीतभर जवळ डोम नेऊन, मागे डायव्हर किंवा सूर्य ठेवून फोटो घ्यायचा असेल, तर लांब आर्मचा प्रकाश त्या विषयाच्या दोन बाजूंनी निघून जातो आणि मधोमध काळा पट्टा येतो. तेव्हा स्ट्रोब आत, डोमला चिकटून, काचेच्या मागे घ्या. मधे पाणीच वीतभर, त्यामुळे ठिपकेही मोजकेच.

आणि हे सगळं करूनही तुमच्याच फिनने तळाची वाळू उडाली तर काही उपयोग नाही. तरंगण्यावर ताबा येईपर्यंत लाइट घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते.

विषय छान येतो, पण मागचं पाणी काळं काहून येऊन राहिलं?

कारण तुम्ही फोटोत दोन वेगळे उजेड एकत्र करताय आणि त्यातल्या एकाला संधीच दिली नाही. पुढचा विषय स्ट्रोबने उजळतो. मागचं पाणी सूर्याने. स्ट्रोबचा चमकारा इतका क्षणिक असतो की शटर १/६० असो वा १/२००, त्याला फरक पडत नाही. मागच्या पाण्याला मात्र पडतो. म्हणून मागच्या निळ्यासाठी शटर, पुढच्या विषयासाठी स्ट्रोबची ताकद. ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/ आकडा मोठा तितकं ते लहान) दोघांवर परिणाम करतं, म्हणून ते एकदा ठरवून शक्यतो तिथेच ठेवा.

माझी पद्धत अशी: खाली पोचल्यावर स्ट्रोब बंद ठेवून नुसत्या पाण्याचा फोटो घ्यायचा. हव्या त्या निळ्या छटेपर्यंत शटर हलवायचं. ते जमलं की स्ट्रोब चालू करून विषय उजळायचा. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात मी साधारण आयएसओ २००, एफ/९, १/१२५ आणि स्ट्रोब अर्ध्या ताकदीवर इथून सुरुवात करते. खाली उतरत गेलात, ढग आले, की शटर संथ करायचं. मोठ्या सेन्सरवर डोममुळे कोपरे मऊ पडतात, तिथे एफ/११ किंवा एफ/१३पर्यंत जावं लागतं आणि तेवढी स्ट्रोबची ताकद वाढवावी लागते.

सूर्य फ्रेममध्ये घेतला की पांढरा डाग होतो.

शटर जेवढं वेगाने चालेल तेवढं चालवा. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांना स्ट्रोबबरोबर १/२००-१/२५०ची मर्यादा असते. तिथे जा, एफ/१६ करा, आयएसओ कमीत कमी ठेवा. आता स्ट्रोबला पूर्ण ताकद लागेल, कारण ॲपर्चर बंद झालं. मोठ्या स्ट्रोबचे पैसे वसूल होतात ते इथे. लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं शटर) असलेले छोटे कॉम्पॅक्ट कॅमेरे यापेक्षा बऱ्याच वेगाने स्ट्रोबशी जुळतात, या एका कामात ते मोठ्या कॅमेऱ्याला मागे टाकतात.

किरण हवे असतील तर उथळ पाणी आणि तिरपं ऊन. अंदमानात घड्याळाकडे नीट बघा. तिथे वेळ आपलीच, पण जागा किती पूर्वेला! डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या सवयीने दुपारी तीनच्या डाइव्हला भरपूर ऊन मिळेल असं समजाल तर पाण्याखाली सांज झालेली असते.

मालवणचं पाणी हिरवट असतं. तिथे हे सगळं चालतं का?

चालतं, पण हट्ट बदलावा लागतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात प्लवक आणि कुजलेल्या वनस्पतींचे अंश असतात, ते निळा प्रकाश खातात, म्हणून पाणी हिरवं दिसतं. हा दोष नाही. हिरव्याला संगणकावर ओढून निळं करायला गेलात की फोटो जांभळा होतो. हिरवं हिरवंच राहू द्या.

कण जास्त, म्हणून स्ट्रोबची ताकद कमी, पाव किंवा त्याहून कमी. आयएसओ ४०० ते ८००, शटर १/६० ते १/१००, म्हणजे सूर्याकडून जास्त उजेड घ्यायचा आणि स्ट्रोबने फक्त रंग भरायचा. विषय अर्ध्या मीटरच्या आत. लांबचा देखावा घ्यायचाच नाही. मालवणचे माझे चांगले फोटो सगळे असे जवळचे आहेत: डोमपुढे एक पोवळं, मागे हिरव्या उजेडात डायव्हरची आकृती. हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही समुद्र काही दिवस शांत राहिलेला असेल तर पाणी निवळतं.

लाल फिल्टर लावला तर लाइटचा खर्च वाचेल?

काही वेळा हो. फिल्टर लाल रंग निर्माण करत नाही, तो निळा-हिरवा अडवून उरलेल्या लालला समोर आणतो. त्यामुळे मुळात लाल थोडा तरी शिल्लक असावा लागतो. साधारण पाच ते बारा-पंधरा मीटर, वर सूर्य, आणि सूर्य तुमच्या पाठीशी, असं जुळलं तर संपूर्ण भिंत किंवा बुडालेलं जहाज एकसारख्या रंगात येतं. हे स्ट्रोबला जमत नाही, त्याचा प्रकाश पुढच्या दोन हातांवर संपतो. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी) मात्र हाताने, त्या त्या खोलीवर पुन्हा पुन्हा ठरवावा लागतो.

फिल्टर लावून स्ट्रोब पेटवू नका. स्ट्रोबचा पांढरा प्रकाश फिल्टरमधून लालभडक होतो. आणि उथळ पाण्यात, म्हणजे दोन-तीन मीटरवर, फिल्टर काढून ठेवा.

डिफ्यूजर लावायचा का? पिवळसर डिफ्यूजर कशासाठी असतो?

डिफ्यूजर म्हणजे स्ट्रोबच्या तोंडावर बसवायचं प्रकाश पसरवणारं झाकण. वाइडसाठी लावा. झोत रुंद होतो, कडा मऊ होतात, त्यासाठी साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश द्यावा लागतो.

पिवळसर डिफ्यूजरची गंमत छान आहे. स्ट्रोबचा प्रकाश उबदार झाला की कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स तुम्ही त्याप्रमाणे खाली आणता, समजा ५,५०० केल्विनवरून ४,५००वर. विषयाचे रंग बरोबर राहतात, पण मागच्या पाण्यावर स्ट्रोब पडलेला नसतो, त्यामुळे ते जास्त गडद निळं होतं. अंदमानात, लक्षद्वीपमध्ये मी तो हमखास लावते. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या, म्हणजे हा बदल घरी शांतपणे करता येतो.

टीटीएल की मॅन्युअल?

मॅन्युअल. टीटीएलमध्ये स्ट्रोबची ताकद कॅमेराच ठरवतो. फ्रेममध्ये निम्मं निळं पाणी असलं की टीटीएलची फसगत होते. ते पाणी उजळायला जातं आणि जवळचा विषय जाळून टाकतं.

डब्यावरचा गाइड नंबर पाण्यात खरा धरायचा का?

गाइड नंबर म्हणजे स्ट्रोबच्या ताकदीचा आकडा. तो बहुधा जमिनीवरचा असतो. पाण्यात ढोबळमानाने एक तृतीयांश धरा. ३३ लिहिलं असेल तर ११. म्हणजे आयएसओ १००ला, एक मीटरवर, पूर्ण ताकदीत एफ/११. डिफ्यूजर लावला की एफ/८. दुकानात स्ट्रोब निवडताना हा हिशोब करून बघितला की जाहिरातीतले आकडे जागेवर येतात.

लाइट मुद्दाम बंद कधी ठेवायचा?

मांटा रे दहा हात लांबून चालला असेल तेव्हा. माशांचा थवा डोक्यावरून जाताना, त्याची काळी आकृती वरच्या उजेडावर उठून दिसते तेव्हा. अगदी उथळ पाण्यात, जिथे उन्हाची जाळी वाळूवर हलत असते. खालून वर पाहिलं की सगळं आकाश सत्त्याण्णव अंशांच्या एका गोलात एकवटलेलं दिसतं, त्या गोलात बोटीचा तळ येतो तेव्हा. अशा वेळी स्ट्रोब नुसतं मधलं पाणी उजळतो. मी डाव्या हाताच्या अंगठ्याने दोन्ही स्ट्रोब न बघता बंद करायचा सराव केला आहे, कारण मांटा वाट बघत नाही.

नागपुरात सराव कुठे करायचा? फुटाळा, अंबाझरी, खिंडसी?

तलावात कॅमेरा घेऊन उतरायचा विचारही करू नका. पाणी गढूळ, तळाला गाळ आणि गवत, आणि मदतीला कोणी नाही.

स्विमिंग टँक पुरेसा आहे. व्यवस्थापकांची परवानगी घ्या, इतर लोक नसतील अशी वेळ मागा, लहान मुलं पोहत असताना कॅमेरा बाहेर काढू नका. चार फूट पाण्यात स्नॉर्केल लावून शिकता येतं. दोऱ्याला वजन बांधून संत्रं मधोमध लटकवा. मग एकच फ्रेम पाच वेळा घ्या: स्ट्रोब आत, बाहेर, पुढे, मागे, वर. डोममध्ये स्ट्रोबचा प्रकाश शिरून पांढरी झाक कधी येते तेही इथेच कळतं.

टँकचं पाणी स्वच्छ, त्यामुळे ठिपके तिथे समजत नाहीत. त्यासाठी घरी रात्री खोली अंधारी करून पंखा बंद करा आणि टेबलावर पितळी तांब्या ठेवून त्याच्या पुढे उदबत्ती लावा. मोबाइलचा कॅमेरा तांब्याकडे धरा. टॉर्च मोबाइलला चिकटून धरला तर धूरच धूर. तोच टॉर्च हात लांब करून बाजूला, थोडा मागे धरा आणि तोंड किंचित बाहेर वळवा. तांब्या उजळलेला, धूर जवळजवळ नाहीसा. आमच्या गटातल्या एका आजोबांना पाण्याखालचं काही ठाऊक नव्हतं, पण हा प्रयोग त्यांनी नातवाला असा समजावून सांगितला की मला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

खरा स्ट्रोब मात्र हवेत पूर्ण ताकदीवर लागोपाठ पेटवू नका. तो पाण्याने थंड होतो, हवेत तापतो. व्हिडिओ लाइटचंही तेच.

विमानात लाइट नेऊ देतात का?

देतात. सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून, चेक-इनमध्ये नाही. प्रत्येक बॅटरी १०० वॅट-अवरच्या आत असेल तर अडचण येत नाही. त्यापुढे १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. व्हिडिओ लाइटमधून बॅटरी काढून वेगळी ठेवा. बॅगेत चुकून चालू झालेला डाइव्ह लाइट कापड जाळू शकतो, म्हणून नियमांतही पाण्याखालच्या टॉर्चचा वेगळा उल्लेख असतो. सोनेगावहून निघताना हे सगळं एका पारदर्शक डब्यात, हातातल्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं की तपासणीत उलगडून दाखवायला दोन मिनिटं लागतात. देशांतर्गत तिकिटावर सहसा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, त्यात दोन स्ट्रोब, आर्म आणि डोम बसवायचे. आर्म-क्लॅम्प जड, ते चेक-इनमध्ये. डोम नेहमी हातात.

डबल-ए सेलवर चालणारे स्ट्रोब असतील तर चांगले रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत कुठलेच सेल ठेवू नका.

डोम आतून धुकट होतो. काय चुकतं?

हाउसिंगमध्ये दमट हवा बंद झाली. गार पाण्यात गेल्यावर त्याच हवेचं पाणी काचेवर बसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात हे एका वेगळ्या कारणाने होतं: कूलर. कूलरच्या वाऱ्यात बसून हाउसिंग बंद केलं की तुम्ही वाळ्याच्या ताट्यांमधली ओल त्यात भरून ठेवता. कूलर बंद करून, दुसऱ्या खोलीत, नागपूरच्या कोरड्या हवेत बंद करा. कोकणात किंवा अंदमानात एसी खोलीत बंद करा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

ओ-रिंगबद्दल (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) एवढंच की प्रत्येक वेळी उजेडात धरून बोटाने पूर्ण फिरवून बघायची. माझा एक स्ट्रोब टॉवेलच्या एका सुती धाग्यामुळे गेला. जेमतेम नखाएवढा धागा ओ-रिंगवर आडवा पडला होता आणि बॅटरीचा कप्पा खाऱ्या पाण्याने भरला. त्या दिवसापासून ओ-रिंगजवळ टॉवेल आणत नाही, चष्मा पुसायचं गुळगुळीत कापड वापरते.

या लाइटने पोवळ्यांना, माशांना त्रास होतो का?

लाइटपेक्षा त्याच्या आर्मने जास्त. दोन्ही आर्म पसरले की तुमची रुंदी दीड मीटर होते आणि ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. फांदीच्या पोवळ्याला वाढायला कित्येक वर्षं लागतात, मोडायला एक धक्का. पोवळी आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणचा सागरी भाग १९८७पासून अभयारण्य आहे. फोटोसाठी पोवळ्याचा आधार घेतलेला मला दिसला तर मी त्या माणसाला पुढच्या डाइव्हला कॅमेरा नेऊ देत नाही.

एकाच प्राण्यावर फ्लॅशचा मारा करू नका. दोन-तीन फोटो, आणि पुढे चला.

पहिल्या खेपेला काय काय विकत घेऊ?

कॅमेरा, हाउसिंग आणि वाइड लेन्स आहे असं धरून सांगते. गोल ट्यूबचा एक चांगला स्ट्रोब, डिफ्यूजरसह. इनॉन, सी अँड सी, आयकेलाइट अशा जुन्या कंपन्यांचा घेतलात तर पुढे भाग मिळतात. तो महाग वाटेल, साधारण पन्नास हजारांच्या पुढेच जातो, पण स्वस्तातले दोन घेण्यापेक्षा हा एक घ्या आणि वर्षाने त्याचाच जोडीदार आणा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रोबचा रंग जुळत नाही, एक बाजू पिवळी आणि एक पांढरी येते.

आर्ममध्ये काटकसर करू नका. वीस-वीस सेंटिमीटरचे दोन तुकडे प्रत्येक बाजूला, शक्यतो तरंगणारे, म्हणजे मनगटावर भार येत नाही. कॅमेऱ्याचा इशारा स्ट्रोबला पोचवणारी फायबर ऑप्टिक केबल एक जास्तीची ठेवा, ती नेमकी बोटीवर तुटते. एक छोटा टॉर्च फोकससाठी.

नवीन लाइट आला. पहिल्याच डाइव्हला न्यायचा का?

आधी टँकमध्ये तीन रविवार. मग समुद्रावर पहिली डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा, नुसतं पाणी बघा: किती दूरचं दिसतं, हिरवं आहे की निळं, कण वाहत आहेत की स्थिर, सूर्य कुठल्या बाजूला आहे. वर येऊन बोटीवर आर्म कसे लावायचे ते त्यावरून ठरवा. दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा घ्या, एक विषय निवडा, आणि सिलिंडरमध्ये हवेचा दाब ७० बार उरला की स्ट्रोब बंद करून आर्म मिटून घ्या. वर चढताना पसरलेले आर्म बोटीच्या शिडीत अडकतात.